‘बंदी’ खोडताना

दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढायचे मला पैसे मिळतात, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. विद्यापीठातली माणसं शोधनिबंध लिहितात आणि ते छापले जाण्याआधी माझ्याकडे येतात. स्वल्पविराम, तळटिपा, पान चारवर एक स्पेलिंग आणि पान एकोणीसवर दुसरं, असली कामं. विषय माझ्या हातात नसतो. मधली दोन वर्षं मातीतल्या क्षारांवर गेली. त्यानंतर खेळांचा इतिहास यायला लागला, आणि त्यातही बहुतेक फुटबॉल. मी जन्मात चेंडूला लाथ मारलेली नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मला पाच वेळा समजावून सांगितलंय, आणि पाचही वेळा मी मान डोलावली आहे.

३१ जुलै २०२२ ची संध्याकाळ. भाचा बाहेरच्या खोलीत वेम्ब्लीवरची युरो स्पर्धेची फायनल बघत होता, इंग्लंड आणि जर्मनीच्या बायकांची. मी आत एका निबंधाच्या तळटिपा तपासत बसले होते. तो तिथूनच ओरडला, “मावशी, ८७,१९२ लोक आलेत! बायकांच्या मॅचला! बघ, आता कुठे सुरू झालाय बायकांचा फुटबॉल.”

मी म्हटलं, “अरे, १९२० साली ५३,००० आले होते.”

“काहीही.”

दोन मिनिटं शांतता. फोनवर शोधलं असणार. मग तो दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं जो प्रश्न विचारला, त्या प्रश्नावर गेली तीसेक वर्षं माणसं पुस्तकं लिहिताहेत. “मग मधली शंभर वर्षं काय झालं?”

माझ्यासमोरच्या निबंधात त्याचं उत्तर एका वाक्यात होतं: १९२१ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं स्त्रियांना फुटबॉल खेळायला बंदी घातली. आणि त्याच वाक्यावर मी अर्ध्या तासापूर्वी पेन्सिलनं गोल केला होता.

गोल कशासाठी, ते सांगते. तो ठराव ५ डिसेंबर १९२१ चा आहे. खेळांच्या इतिहासावर लिहिणारा प्रत्येक जण तो उद्धृत करतो, त्यामुळे मला जवळजवळ पाठ झालाय. तक्रारी आल्या आहेत, असं म्हणून तो सुरू होतो. मग, फुटबॉल हा खेळ स्त्रियांना अजिबात योग्य नाही आणि त्याला उत्तेजन मिळू नये, असं आमचं ठाम मत आहे. इथपर्यंत सगळे उद्धृत करतात आणि थांबतात. त्याच्यापुढे अजून एक परिच्छेद आहे, आणि तो पैशांबद्दल आहे. काही सामन्यांचं उत्पन्न धर्मादाय कामाऐवजी दुसरीकडे गेलं, खर्चच फार दाखवला जातो, दानाला उरतं थोडं. आणि या कारणांसाठी असोसिएशन आपल्या सदस्य क्लबांना विनंती करते, की अशा सामन्यांना आपली मैदानं देऊ नका.

विनंती. क्रियापद बघा. खेळू नका असं त्यात कुठंच नाही. कुणाला दंड नाही, कुणाला अटक नाही. असोसिएशनला तसं करताही आलं नसतं, कारण तिची सत्ता होती ती तिच्या सदस्य क्लबांवर. कारखान्यात काम करून शनिवारी चेंडू खेळणाऱ्या मुलीवर तिचा काय अधिकार? पण मैदानं क्लबांची. भिंती, फाटकं, तिकीटखिडक्या, स्टँड, सगळं त्यांचं. ते बंद केलं की खेळ उरतो आणि प्रेक्षक जातात. प्रेक्षक गेले की पैसे जातात, पैसे गेले की प्रवासाचं भाडं जातं, आणि मग वर्षाला साठ-साठ सामने खेळणारा संघ कुठल्यातरी बागेत, गवत वाढलेल्या कोपऱ्यात खेळायला लागतो. पुढे असोसिएशनच्या पंचांनाही या सामन्यांत शिट्टी वाजवायला मनाई झाली. आणि एवढं करून, आम्ही कुणाला खेळू नका म्हटलंच नव्हतं, असं म्हणायला ते मोकळे.

माझ्या मते हे बंदीपेक्षा जास्त हुशारीचं आहे. एखादीला घराबाहेर काढायचं नाही, फक्त कुलूप बदलायचं.

हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग तेच ना. बंदीच झाली.” व्यवहारात खरं आहे त्याचं. पण लिहिणाऱ्यानं ‘बंदी’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र तयार होतं: १९२१ ला बायका थांबल्या, पन्नास वर्षांनी पुन्हा सुरू झाल्या, मधे रिकामी जागा. आणि रिकाम्या जागेत कुणी काही शोधत नाही.

खरं तर ती जागा भरलेली आहे. डिक, कर कंपनीच्या कारखान्यातल्या बायकांचा, उत्तर इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावचा तो प्रसिद्ध संघ १९१७ च्या नाताळात डीपडेल मैदानावर पहिल्यांदा मोठ्या गर्दीसमोर उतरला. महायुद्धाचा काळ, पुरुष आघाडीवर, बायका दारूगोळ्याच्या कामावर, आणि सामना जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी. दहा हजार लोक आले होते. हा संघ बंद पडला १९६५ साली. म्हणजे मैदानं मिळत होती त्या काळात ते चार वर्षं खेळले आणि मिळत नव्हती त्या काळात चव्वेचाळीस. १९२६ पासून नाव बदलून ‘प्रेस्टन लेडीज’, एवढंच. मँचेस्टरला १९४९ साली ‘मँचेस्टर कोरिंथियन्स’ नावाचा संघ निघाला. तो फॉग लेन पार्कमध्ये, म्हणजे सार्वजनिक बागेत सराव करायचा आणि तिथून उठून परदेश दौऱ्यावर जायचा. ‘बंदी’ या शब्दाखाली हे सगळं झाकलं जातं.

ब्राझीलमध्ये गोष्ट वेगळी होती. तिथे १९४१ साली सरकारनं हुकूम काढला, स्त्रियांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ त्यांनी खेळू नयेत म्हणून, आणि त्यात फुटबॉल आला. तो १९७९ पर्यंत टिकला. त्याला खुशाल बंदी म्हणा. पश्चिम जर्मनीत १९५५ साली फुटबॉल संघटनेनं जे केलं ते इंग्लंडच्या वळणाचं: क्लबांनी स्त्रियांचे विभाग काढू नयेत, मैदानं देऊ नयेत. तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की सरकारी हुकूम आणि क्लबाच्या फाटकाचं कुलूप यातला फरक पुसला जातो. फरक पुसला जाऊ नये म्हणून तर मला पैसे देतात.

आता त्या ५३,००० बद्दल. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलमधलं गुडिसन पार्क, डिक-कर विरुद्ध सेंट हेलेन्स, निकाल ४-०. हा सामना येत नाही असा निबंध मला अजून भेटलेला नाही. तळटीप उघडली की ती एका पुस्तकाकडे जाते, त्या पुस्तकाची तळटीप दुसऱ्या पुस्तकाकडे, दुसऱ्याची परत पहिल्याच्या जुन्या आवृत्तीकडे. गोल गोल. शेवटी कुठेतरी त्या आठवड्यातलं वर्तमानपत्र सापडतं आणि जीव भांड्यात पडतो. पण बाहेरून किती परत गेले? कुणी १४,००० म्हणतं, कुणी १०,०००. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आणि आत न आलेल्या माणसांना कुणी मोजलं, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. मी प्रत्येक वेळी समासात लिहिते: ‘हजारो’ म्हटलं तर चालेल का? लेखकांना ते आवडत नाही. आकडा असला की वाक्याला कणा येतो असं त्यांना वाटतं.

त्या दिवशी जमलेली रक्कम मात्र पक्की दिसते, ३,११५ पौंड. माणसं डोळ्यांनी मोजतात, पैसे हातांनी.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो हा पैशांचा भाग, कारण तो कंटाळवाणा आहे आणि म्हणून वगळला जातो. लोकप्रिय गोष्ट अशी सांगतात: बायकांना पुरुषांपेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली, पुरुष घाबरले, ठराव केला. सांगायला छान. पण गुडिसन पार्क आणि तो ठराव यांच्यामध्ये जवळजवळ एक वर्ष आहे, आणि ते वर्ष साधंसुधं नव्हतं. १९२१ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत इंग्लंडमध्ये खाणमालकांनी खाणकामगारांना कामाबाहेर ठेवलं होतं. घरोघरी चुली थंड. आणि स्त्रियांचे संघ या कामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळायला लागले. जखमी सैनिकांसाठी खेळणाऱ्या मुली सगळ्यांना गोड वाटत होत्या. संपातल्या खाणकामगारांसाठी... बघा, मीही ‘संप’ लिहिलं. तो संप नव्हता, टाळेबंदी होती. एका शब्दानं दोष कसा इकडून तिकडे जातो, ते पुन्हा एकदा. तर टाळेबंदीतल्या कामगारांसाठी खेळणाऱ्या मुली तेवढ्या गोड वाटेनात.

त्याच सुमाराला पुरुषांच्या क्लबांची फुटबॉल लीग वाढत होती. १९२० ला तिसरा विभाग आला, १९२१ ला उत्तरेकडच्या क्लबांसाठी अजून एक. युद्धाहून परतलेले खेळाडू, भरलेली वेळापत्रकं, आणि शिवाय लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या बड्या डॉक्टरांची मतं, की हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही. त्यातल्या एक डॉक्टर स्वतः बाई होत्या, मेरी शारलीब. कारण एक नव्हतं. तीन-चार कारणं एकाच टेबलावर आली आणि सही झाली. मी इतिहासकार नाही, पण जिथे जिथे ‘म्हणून’ हा शब्द येतो तिथे तिथे माझी पेन्सिल आपोआप थांबते.

आणि ठरावातली ती खर्चाची तक्रार! डिक-करच्या मुलींना सामन्यामागे दहा शिलिंग मिळत, बुडालेल्या मजुरीची आणि प्रवासाची भरपाई म्हणून. पुरुष खेळाडूंनी पगार घ्यावा की नाही हा वाद याच असोसिएशनमध्ये १८८५ साली मिटला होता. पगार मान्य झाला होता. आणि तो वाद ज्यांच्यामुळे पेटला, तो क्लब कोणता? प्रेस्टन नॉर्थ एंड. डीपडेलवरचाच. मला असे योगायोग सापडले की मी उठून चहा करते.

याच प्रेस्टनची अजून एक गोष्ट आहे आणि ती प्रेक्षकांची आहे. त्याच १८८५ साली क्लबनं स्त्रियांना सामन्याला फुकट प्रवेश दिला. बायका आल्या की पुरुष जरा सभ्य वागतील, शिव्या कमी होतील, असा तेव्हाच्या क्लबांचा साधारण हिशेब असे. एका सामन्याला सुमारे दोन हजार स्त्रिया आल्या. सवलत बंद झाली. इतरही क्लबांनी शतक संपेपर्यंत ती काढून टाकली. म्हणजे बायका फुटबॉलला येत नाहीत म्हणून सवलत, आणि फार आल्या म्हणून सवलत रद्द.

हे वाचल्यावर मला चाहत्यांवरचं संशोधन नव्यानं वाचावंसं वाटलं, आणि तिथे माझी चांगलीच निराशा झाली. फुटबॉलच्या चाहत्यांवरचा जुना अभ्यास म्हणजे मुख्यतः दंगलींचा अभ्यास. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडच्या स्टेडियमांत मारामाऱ्या होत होत्या, सरकारला उत्तरं हवी होती, संशोधनाला पैसा त्यातून आला. लेस्टर विद्यापीठात तर १९८७ साली फुटबॉलच्या संशोधनासाठी वेगळं केंद्रच निघालं. तिथल्या लोकांनी मेहनतीनं काम केलं, यात शंका नाही. पण तुम्ही ज्याला पैसे देता तेच दिसतं. भांडणाऱ्या तरुण पुरुषांबद्दल शेकडो पानं, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून सामना बघणारी बाई एखाद्या उपवाक्यात, ‘स्त्रिया व मुले’ अशी. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली, त्यांत सात स्त्रिया आणि मुली होत्या. त्या तिथे होत्या. कुणाच्या सोबत आल्या असतील किंवा स्वतःच्या हौसेनं. त्या तिथे होत्या, हे सांगायला मृतांची यादी वाचावी लागते, याची मला अभ्यासकांच्या वतीनं लाज वाटते.

हे चित्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदललंय आणि त्यात स्टेसी पोप या संशोधिकेचा मोठा वाटा आहे. तिनं लेस्टरमध्ये फुटबॉल आणि रग्बी बघणाऱ्या वेगवेगळ्या वयांच्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. शास्त्रीय लिखाणात एखादं शीर्षक लक्षात राहावं हे फार कमी वेळा होतं. तिनं आणि जॉन विल्यम्सनं मिळून लिहिलेल्या एका निबंधाचं शीर्षक माझ्या लक्षात राहिलंय: ‘फुटबॉल मॅचला पांढरे बूट!’ महायुद्धानंतरच्या काळात मैदानावर जाणाऱ्या बायकांच्या आठवणी आहेत त्या. सिद्धांत, संज्ञा, चौकटी सगळं मी विसरले. बूट राहिले. ज्या मैदानाबद्दल मी चिखल, बिअर आणि धक्काबुक्की एवढंच वाचलं होतं, तिथे कुणीतरी पांढरे बूट घालायचा विचार तरी केला होता.

संज्ञांचं मात्र सांगायलाच हवं. ‘वर्चस्ववादी पुरुषत्व’ हा शब्दप्रयोग एका निबंधात मी एकतीस वेळा मोजलाय. पहिल्या पाच वेळा तो काहीतरी सांगतो. पुढे तो नुसता उंबऱ्यावर ठेवलेल्या चपलांसारखा असतो, आत माणसं आहेत एवढं कळण्यापुरता. पोपनं सहकाऱ्यांबरोबर २०२२ साली १,९५० पुरुष चाहत्यांच्या उत्तरांवर निबंध प्रसिद्ध केला आणि स्त्रियांच्या खेळाकडे बघण्याच्या वृत्तीचे तीन गट केले: मोकळ्या मनानं स्वागत करणारे, उघड तिरस्कार करणारे, आणि तिसरे, चारचौघांत समानतेच्या गोष्टी करून आतून तिरस्कार करणारे. तिसरा गट वाचून मी दोन मिनिटं थांबले. मला त्यासाठी कुठली संज्ञा लागली नाही, तीन-चार ओळखीचे चेहरे आले.

आणि बाई चाहती असेल तर तिला परीक्षा द्यावी लागते, हे या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं. खेळाडूंची नावं सांग, अमक्या सालचा निकाल सांग. ऑफसाइड सांग बघू. भाच्यानं मला पाच वेळा समजावलं ते प्रेमानं, मान्य. पण त्याच्या मित्रांपैकी एकालाही त्यानं हे कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मूळ निबंधाकडे येते. त्यातला दुसरा गोल होता ‘पहिल्यांदाच’ या शब्दाभोवती. स्त्रियांच्या फुटबॉलवरचं लिखाण, बातम्या असोत की शोधनिबंध, या शब्दाच्या व्यसनात आहे. १८८१ च्या मे महिन्यात एडिंबरोला स्कॉटलंड आणि इंग्लंड अशा नावांनी दोन संघ खेळले. ग्लासगोतल्या सामन्यात लोक मैदानात घुसले आणि तो उधळला गेला. १८९५ च्या २३ मार्चला लंडनमध्ये क्राउच एंडला ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’चा सामना झाला, उत्तर विरुद्ध दक्षिण, ७-१, आणि दहा हजारांच्या वर लोक. संघाची सूत्रधार नेटी हनीबॉल. हे बहुधा तिचं खरं नाव नव्हे. त्यानंतर १९१७. त्यानंतर १९७१. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी डोळे विस्फारून लिहिलं, की बघा, बायकासुद्धा. दर पंचवीस वर्षांनी नव्यानं जन्माला येणारा खेळ म्हातारा कधी होणार? त्याला आजी-पणजी कधी मिळणार?

१९७१ ची गोष्ट भाच्याला जास्त आवडली. मेक्सिको सिटी, अझ्टेका स्टेडियम, ५ सप्टेंबर. स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेची फायनल. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० हरवलं, तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. प्रेक्षक लाखाच्या वर सांगतात, एक लाख दहा हजार. (हो, इथेही मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.) इंग्लंडहून हॅरी बॅट नावाच्या गृहस्थांनी एक संघ नेला होता, त्यातल्या काही मुली तर चौदाच्या आतबाहेरच्या. मायदेशी परतल्यावर स्वागत वगैरे नाही. परवानगीशिवाय गेलात म्हणून खेळाडूंना खेळायला मनाई, बॅट यांना कायमचं बाहेर. आणि गंमत अशी, की ही शिक्षा केली ती स्त्रियांच्याच फुटबॉल संघटनेनं, जिची स्थापना नुकतीच, १९६९ ला झाली होती. कुलूप आता घरातल्याच माणसानं लावलं.

कारण त्या स्पर्धेला फिफाची मान्यता नव्हती. ती ‘अनधिकृत’. इंग्लंडच्या स्त्रियांचा ‘पहिला अधिकृत’ सामना १८ नोव्हेंबर १९७२ ला, स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला, ३-२. सिल्व्हिया गोर या खेळाडूनं इंग्लंडचा पहिला गोल केला, आणि तीही त्या फॉग लेन पार्कवाल्या कोरिंथियन्सकडून खेळलेली. फिफाचा पहिला विश्वचषक तर १९९१ चा, चीनमधला, तिथे सामने नव्वद नव्हे, ऐंशी मिनिटांचे होते. मला यात एवढंच विचारायचं असतं, की लाखभर लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलेला सामना कागदावर झालाच नाही असं कसं होतं? कुणाचं रजिस्टर?

आणि मैदानांवरचं ते कुलूप निघालं कधी? यावरही माझ्याकडे तीन वेगवेगळी वर्षं छापलेली सापडतात, १९६९, १९७० आणि १९७१. प्रत्येकामागे काही ना काही आहे. एका वर्षी स्त्रियांची संघटना निघाली, पुढच्या वर्षी असोसिएशननं जुना ठराव मागे घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी युरोपच्या संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की स्त्रियांचा खेळ आपल्या पंखाखाली घ्या. स्कॉटलंड तेव्हाही विरोधात होतं आणि १९७४ पर्यंत तसंच राहिलं. लावायला एक बैठक पुरली. काढायला तीन वर्षं, आणि नक्की कुठलं वर्ष यावर अजून एकमत नाही.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते कुणामुळे, हे या निबंधांच्या तळटिपांत दिसतं आणि मजकुरात दिसत नाही. गेल न्यूशम ही प्रेस्टनचीच, स्वतः खेळलेली. हयात असलेल्या जुन्या खेळाडूंना गाठून, त्यांच्याकडचे फोटो, कात्रणं, आठवणी जमवून तिनं १९९४ ला डिक-करवर पुस्तक काढलं. स्यू लोपेझ ही इंग्लंडची खेळाडू, साउदॅम्प्टनची, काही काळ इटलीत जाऊन खेळलेली. तिचं पुस्तक १९९७ चं. विद्यापीठातून जीन विल्यम्सचं मोठं काम त्यानंतर, २००३ पासून. आजचा शोधनिबंध या तिघींच्या खांद्यावर उभा असतो, पण ‘हौशी इतिहासकार’ असा शब्द पहिल्या दोघींसाठी इतक्या सहज येतो की मला राग येतो. संग्रहालयात कागद नव्हते, असोसिएशनच्या इतिवृत्तात नावं नव्हती. कागद होते कपाटावरच्या बुटाच्या खोक्यांत. ती खोकी उतरवून घ्यायला कुणाला तरी आधी घरात शिरून चहा प्यावा लागतो, आणि तळटिपेत चहा येत नाही.

तरी लिली पारच्या बाबतीत मात्र मी न्यूशमलाही सोडत नाही. सेंट हेलेन्सची ही उंचपुरी मुलगी चौदा-पंधराव्या वर्षी डिक-करमध्ये आली, डाव्या पायाची, सिगारेट ओढणारी, पुढे इस्पितळात नर्सचं काम केलेली. २००२ ला इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली स्त्री (इथे ‘पहिली’ मी राहू दिलं). २०१९ ला मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा बसला. तिनं हजाराच्या आसपास गोल केले असं सगळीकडे असतं. असतीलही. पण कुणी मोजले, कुठल्या वहीत? ज्या बायकांची गोलसंख्या, नावं, सामने कुणी नीट लिहून ठेवले नाहीत, त्यांच्या बाबतीत नेमकी दंतकथाच तेवढी आकड्यासकट शिल्लक राहते.

निबंध लेखिकेकडे परत गेला. चार दिवसांनी उत्तर आलं. बाई समजूतदार होत्या, पण वैतागल्या होत्या. ‘बंदी घातली’ च्या जागी ‘सदस्य क्लबांना आपली मैदानं नाकारण्याची विनंती केली’ असं लिहायला त्या तयार झाल्या. पण नियतकालिकाची शब्दमर्यादा कडक, आणि त्या आधीच काठावर होत्या. एवढे शब्द मी कुठून आणू, तुम्हीच सांगा, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी फाइल उघडली आणि ‘पहिल्यांदाच’ शोधलं. नऊ निघाले. आठ खोडले.